अंगावर काढू नका : गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे घरचे दिवस



आरोग्याच्या बैठकीसाठी आम्ही वाड्या-वस्त्यांवर जातो, तेव्हा अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. एखादी आजी वॉकर धरून येते, नाहीतर तिची सून तिच्या वतीने विचारते, "सिस्टर, वाटी बदलून महिना झाला. पाय अजून सुजतोय, रात्रभर ठणकतोय. आमचं ऑपरेशन फेल गेलं का?"

बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच असतं. महिनाभराने सूज असणं, रात्री ठणकणं हे या ऑपरेशनचं नेहमीचं आहे. पण त्याच बैठकीत मागे बसलेल्या एखाद्या मावशी सहज बोलून जातात, "माझ्या जखमेतून जरा पाणी येतंय. पण ते काय, हळद दाबलीय." तेव्हा मात्र आमच्या पोटात गोळा येतो.

म्हणजे ज्याला भ्यायचं कारण नाही त्याने आपली झोप उडते, आणि ज्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा ते आपण अंगावर काढतो. या लेखात आम्हाला एवढंच सांगायचं आहे की या दोन्हींतला फरक घरातल्या प्रत्येकाला कळला पाहिजे.

आमच्या घरी काय झालं

हे आम्ही नुसतं पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या आईने तीस हंगाम ऊस तोडला. पासष्टी ओलांडली तेव्हा उजवा गुडघा पार बाहेरच्या बाजूला वाकला होता. उंबरा ओलांडायलाही भिंत धरावी लागायची. शेवटी ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पाचव्या दिवशी आई वॉकर धरून घरी आली.

अकराव्या दिवशी तिचा फोन आला, "पोटरी ताठलीय गं. दगडावाणी झालीय." आम्ही कामात होतो. नर्सिंगचं शिक्षण घेतलेलं, वॉर्डात पंधरा वर्षं काढलेली, तरी आम्ही काय सांगितलं? "असं होतंच. पाय उशीवर ठेव." शेजारच्या काकूंनी प्रेमापोटी तेल कोमट करून पोटरी चांगली चोळून दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी पोहोचलो. शिवणाची टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या. ऑपरेशनच्या पायाची पोटरी साडेतीन सेंटिमीटरने जास्त भरली. कातडी गरम, चकाकणारी. आम्हाला दरदरून घाम फुटला. रात्रीच गाडी करून दवाखाना गाठला. डॉपलर सोनोग्राफीत पोटरीच्या आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गाठ दिसली. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. आणि तीच पोटरी तेल लावून चोळली गेली होती.

आई वाचली. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं, मग तीन महिने गोळ्या. पण तो एक दिवस आम्ही विसरलो नाही. शिकलेल्या लेकीकडून हे होऊ शकतं, तर ज्या घरात कुणी सांगणारं नाही तिथे काय होत असेल, या विचारातून हा लेख लिहिला आहे.

वाटी बदलतात म्हणजे नेमकं काय?

आपण 'वाटी बदलली' म्हणतो, पण वाटी सहसा तिथेच राहते. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, यांवर कूर्चेची मऊ गादी असते. ती झिजली की हाडावर हाड घासतं. ऑपरेशनमध्ये झिजलेला थर कापून दोन्ही टोकांवर धातूचं आवरण बसवतात आणि मधे टणक प्लास्टिकची चकती ठेवतात. वाटीच्या आतल्या बाजूला कधी प्लास्टिकचं बटण लावतात, कधी नाही.

आजच्या कृत्रिम गुडघ्याचा मूळ नमुना न्यूयॉर्कमध्ये १९७४ च्या सुमारास वापरात आला. तो घडवणाऱ्या तिघांपैकी एक भारतीय वंशाचे डॉ. चित्तरंजन राणावत. २००० साली तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात याच डॉक्टरांनी बदलला आणि २००१ साली उजवा. त्या बातम्यांमुळे हे ऑपरेशन आपल्याकडे खेड्यापाड्यांत माहीत झालं. पंतप्रधानांनाही लगेच चालता आलं नाही, त्यांनाही दिवसच्या दिवस व्यायाम करावा लागला. त्यांच्या दिमतीला डॉक्टरांचा ताफा होता. आपल्या दिमतीला सून, नातू आणि आशाताई. म्हणून त्यांना सगळं ठाऊक असायला हवं.

आपल्याकडचे गुडघे

गुडघे वयाने झिजतात, वजनाने झिजतात, आणि बीड जिल्ह्यात ते कामानेही झिजतात. वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, आणि हे हंगामाचे पाच-सहा महिने, पहाटेपासून. कोयत्यामागे उचल घेतलेली असते. खाडा पडला तर पैसे कापले जातात. त्यामुळे गुडघा सुजला तरी मेडिकलमधून गोळी आणायची आणि फडात उतरायचं.

याला आणखी एक गोष्ट जोडून पाहिली पाहिजे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या प्रश्नावर राज्य सरकारने २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. तरुणपणी पिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील तर हाडांना बळ देणारं संप्रेरक लवकर संपतं आणि हाडं ठिसूळ होतात. अशा ताईंनी गुडघ्याच्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं, जुने कागद दाखवावेत. ठिसूळ हाड असेल तर कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व आणि गरज पडल्यास इतर औषध आधीपासून सुरू करता येतं. ऑपरेशननंतर पडलं तर नव्या सांध्याशेजारचं हाड मोडण्याचा धोकाही अशांनाच जास्त असतो.

आणि प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याला ऑपरेशन लागतं असंही नाही. वजन कमी करणं, मांडीचे व्यायाम, हातात काठी, यांनी पुष्कळांचं भागतं. हे सगळं करूनही चालणं आणि झोप दोन्ही गेली, तर मग ऑपरेशनचा विचार करावा.

तारीख ठरवण्याआधी

पहिली गोष्ट, घरात माणूस कधी आहे ते पाहा. दसरा-दिवाळीनंतर आपली गावं रिकामी होतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. अशा वेळी ऑपरेशन करून घरी आलेल्या आजीला पाणी कोण देणार, जखम कोण बघणार? पट्टा पडल्यावर, लेक-सून परत आल्यावर तारीख घ्या. घरात किमान सहा आठवडे एक मोठं माणूस लागतं. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं तर पाणी भरपूर पाजा. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. टँकरचं पाणी असेल तर उकळून, पण कमी नको.

दुसरी गोष्ट, पैसा. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. तुमचं ऑपरेशन त्यात बसतं का, जवळ कुठल्या रुग्णालयात होतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, किंवा १५५३८८ वर फोन करा. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या अस्थिरोग विभागात आधी चौकशी करा. खाजगीत करणार असाल तर हेही माहीत असू द्या की कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची किंमत तेव्हा करांशिवाय ५४,७२० रुपये ठरवण्यात आली होती. म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. ऑपरेशनसाठी मुकादमाकडून उचल घेऊन, टाके निघायच्या आत फडात जावं लागेल असा व्यवहार करू नका. त्यात पैसाही जातो आणि पायही.

तिसरी गोष्ट, शरीराची तयारी. साखर आटोक्यात आणा. पायाच्या बोटांमधलं चिघळलेलं, टाचेच्या भेगा, किडलेला दात, लघवीची जळजळ, हे आधी बरं करून घ्या, कारण तिथले जंतू रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसू शकतात. रक्त कमी असेल तर आधी भरून काढा. आणि मिश्री, तंबाखू बंद. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जखम उशिरा भरते.

घर तयार करा

- झोपायला जमिनीवरची गोधडी नको, पलंग हवा. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर जात असतील तर पलंगाच्या पायांखाली पक्क्या विटा द्या.
- हात असलेली, न डुगडुगणारी खुर्ची.
- शौचालय भारतीय पद्धतीचं असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची आणा. उकिडवं बसणं आता नाही. भिंतीला धरायला पाइप बसवून घ्या.
- चालायच्या वाटेवरची पोती, वायरी, पायपुसणं उचला. अंगण ओलं, सारवलेलं असेल तर वाळेपर्यंत तिकडे जाऊ नका. कोंबड्या, शेळीचं दावं आडवं येणार नाही हे पाहा.
- रात्री एक दिवा सुरू ठेवा. रात्री लघवीला उठतानाही पडण्याचे प्रकार होतात.
- चूल खाली असेल तर तीन महिने स्वयंपाक दुसऱ्याने करावा, नाहीतर शेगडी ओट्यावर घ्यावी. हंडा उचलायचा नाही.

पहिले सहा आठवडे

ऑपरेशन डॉक्टर करतात, पण गुडघा वाकायला आणि सरळ व्हायला शिकतो तो घरी. दिवसातून तीन वेळा हे व्यायाम करा. दुखण्याची गोळी अर्धा तास आधी घेतली तर सोपं जातं.

१. घोटा वर-खाली हलवणे. जागेपणी दर तासाला वीस वेळा. यामुळे पोटरीतलं रक्त वाहतं राहतं, गाठ होण्याचा धोका कमी होतो.

२. पाय सरळ ठेवून गुडघा गादीवर दाबणे, पाच आकडे मोजेपर्यंत धरणे, सोडणे. दहा वेळा.

३. टाच पलंगावरून ढुंगणाकडे सरकवत गुडघा वाकवणे. टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवली तर सरकते चांगली. दहा वेळा.

४. गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचलणे. दहा वेळा.

५. खुर्चीत बसून पाय समोर सरळ करणे, मग खाली आणून जमेल तितका मागे नेणे.

साधारण दोन आठवड्यांत गुडघा काटकोनाच्या जवळपास वाकायला हवा. काटकोनाइतका वाकला तर जिना चढता येतो, त्याहून थोडा जास्त वाकला तर खुर्चीतून हात न टेकता उठता येतं. पूर्ण सरळ होणंही तितकंच महत्त्वाचं. म्हणून गुडघ्याखाली उशी कधीच नको. बरं वाटतं म्हणून उशी ठेवतात आणि गुडघा वाकडाच राहतो. उशी ठेवायची तर टाचेखाली.

व्यायामानंतर पंधरा-वीस मिनिटं बर्फ. घरी फ्रीज नसेल तर दुकानातून गोठलेल्या पेप्सीकोल्याच्या कांड्या आणून फडक्यात गुंडाळा. बर्फ थेट कातडीवर नको. शेक आणि मालीश या काळात नाहीच.

वॉकर साधारण तीन-चार आठवडे, मग काठी. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. पुष्कळ जण उलट धरतात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. नातवंडांना हे शिकवून ठेवा, ती बरोबर आठवण करून देतात.

रक्त पातळ ठेवण्याची गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्या. 'आता बरं वाटतंय' म्हणून मधेच सोडू नका. टाके किंवा पिना साधारण दोन आठवड्यांनी काढतात. तोवर जखम कोरडी ठेवा. हळद, राख, तेल, झाडपाला काही नाही.

जेवणात जखम भरायला प्रथिनं लागतात. अंडी, डाळ, मटकी, हुलगे, शेंगदाणे, जमेल तेव्हा मासे-मटण. दुखण्याच्या काही गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं. पालेभाजी, पपई आणि पाणी वाढवा, तरी तीन दिवस झाली नाही तर डॉक्टरांना विचारा. मेडिकलमधून स्वतःहून दुसरी दुखण्याची गोळी आणून पहिलीत मिसळू नका. पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बिघडतात. साखर-रक्तदाब असलेल्यांना तर हा धोका फार. वेदनेवरच्या बिनलेबलच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्यांना हात लावू नका.

हे नेहमीचं आहे, घाबरू नका

- दिवसभर चालल्यावर संध्याकाळी सूज वाढणं आणि रात्री पाय वर ठेवल्यावर सकाळी कमी होणं. हे तीन-चार महिने, काहींना जास्तही चालतं.
- गुडघा दुसऱ्या पायापेक्षा कोमट लागणं. काही महिने राहतं.
- टाक्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर होणं. कातडीच्या बारीक नसा कापलेल्या असतात.
- चालताना 'टक टक' असा आवाज. धातू-प्लास्टिकचा आवाज आहे.
- पहिल्या दिवसांत मांडीपासून घोट्यापर्यंत निळं-पिवळं पडणं.
- पहिले दोन-तीन दिवस अंग थोडं तापणं.
- चांगल्या चार दिवसांनंतर एक वाईट दिवस येणं. बरं होणं सरळ रेषेत होत नाही.

हे अंगावर काढू नका

हा भाग कापून भिंतीला चिकटवा.

१. अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, भोवळ आली : एक मिनिट न घालवता १०८ ला फोन. रक्ताची गाठ फुप्फुसात गेली असू शकते.

२. पोटरी किंवा मांडी ताठली, दुखते, गरम आहे, झोपून उठल्यावरही सूज उतरत नाही : त्याच दिवशी दवाखाना. दोन्ही पोटऱ्या टेपने मोजा. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक ही मोठी खूण आहे, पण फरक कमी असला तरी दाखवाच. चोळायचं नाही.

३. पाच-सहा दिवसांनंतरही जखमेतून पाणी, रक्त किंवा पू येतो, टाके उसवले, लाली पसरत चालली : ज्यांनी ऑपरेशन केलं त्याच डॉक्टरांना दाखवा. गावात आधी अँटिबायोटिकची गोळी घेऊन बसू नका. वरून बरं वाटतं आणि आत पू वाढतो. गुडघ्यात सुई तर कुणालाही घालू देऊ नका.

४. १०१ च्या वर ताप, थंडी वाजून ताप, किंवा कमी झालेलं दुखणं परत वाढू लागलं : त्याच दिवशी दाखवा.

५. पडलात, आणि पाय टेकवता येत नाही : उठवून चालवून पाहू नका. १०८.

६. शौच डांबरासारखी काळी, उलटीत रक्त, लघवी फार कमी : गोळ्यांचा दुष्परिणाम असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.

७. सहा आठवड्यांनी गुडघा काटकोनात वाकत नाही : पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

जंतुसंसर्ग शंभरात एक-दोघांनाच होतो. पण वेळेत पोहोचलं तर आतून धुऊन सांधा वाचवता येतो, उशीर झाला तर सगळा सांधा काढून पुन्हा बसवावा लागतो. बीडहून मोठं शहर लांब आहे, भाड्याला पैसे नाहीत, हे आम्हाला कळतं. म्हणूनच पहिल्या दिवशी शंभर रुपयांत होणारी गोष्ट लाखावर जाऊ देऊ नका.

दुसरी ठेच

सातव्या मुद्द्याचं आमच्या घरचंच उदाहरण आहे. गाठीच्या प्रसंगानंतर आई इतकी भ्यायली की पाय हलवेना. "हलवला की गाठ सुटंल," म्हणायची. गाठीवर औषध सुरू झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. पण आम्हालाही तिला रडताना पाहवेना, आम्ही जोर केला नाही. सहा आठवड्यांनी गुडघा जेमतेम साठ अंशात वाकत होता. आत चिकटून गेला होता. शेवटी भूल देऊन डॉक्टरांनी गुडघा वाकवला आणि व्यायाम पहिल्यापासून सुरू झाले. हा उपाय साधारण पहिल्या तीन महिन्यांत जास्त लागू पडतो. आम्ही आणखी रेंगाळलो असतो तर तीही संधी गेली असती.

आजारी माणसाची कीव करून त्याला पडून राहू देणं ही माया नव्हे. आणि रागावून, ओढून गुडघा वाकवणंही नव्हे. शेजारी बसावं, दहापर्यंत आकडे मोजावेत, दुखेल तिथे थांबून पुन्हा सुरू करावं. आमच्या घरी हे काम दहा वर्षांच्या भाच्याने केलं. तो रोज भिंतीवर कोळशाने रेघ ओढायचा, आजीची टाच काल कुठवर आली आणि आज कुठवर.

मनाचं दुखणं

एक गोष्ट बायका बोलत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मन खचतं. झोप नाही, दुसऱ्याच्या हाताने शौचाला जायचं, घरात आपण ओझं झालो असं वाटतं. ज्या बाईने आयुष्यभर घराचा गाडा ओढला, तिला पाण्याचा तांब्या मागायची लाज वाटते. आमची आई एका रात्री म्हणाली, "पैका गेला, पाय पण गेला. कशाला केलं गं हे?"

त्या वेळी तिला उपदेश नको होता, कुणीतरी जवळ बसायला हवं होतं. घरच्यांनी हे ओळखावं. शेजारणींनी रोज एकीने तासभर येऊन बसावं. महिला मंडळांनी असा पाळीचा नियमच करावा, असं आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. जेवण सुटलं, रडणं थांबत नाही, जगणं नको वाटतं असं बोलणं आलं, तर तोही आजार आहे, त्यावरही उपचार आहे. डॉक्टरांना सांगा.

ऑपरेशन झालेल्या पाचांतल्या एकाला मनासारखा गुण येत नाही, हेही आधी माहीत असावं. वेदना पुष्कळ कमी होते, पण गुडघा विसाव्या वर्षीचा होत नाही. मोळी उचलून फळी चढायला हा गुडघा नाही. तो जपला तर मात्र टिकतो. परदेशातल्या मोठ्या नोंदींनुसार शंभरातले ऐंशीहून अधिक नवे गुडघे पंचवीस वर्षं चालतात.

पुढचं आयुष्य

तीन महिन्यांनी बहुतेक जण घरातली हलकी कामं करतात. पूर्ण बळ यायला वर्ष लागतं. मांडी घालून आणि उकिडवं बसणं टाळा. विहारात वंदनेला खुर्चीवर बसा, त्यात कमीपणा काही नाही. गुडघे टेकून पंचांग प्रणाम करायची गरज नाही, उभ्याने हात जोडले तरी वंदनाच होते. विहार समित्यांनी चार खुर्च्या आणि दाराशी धरायला एक कठडा करून ठेवावा, खर्च फार नाही. दीक्षाभूमी, चैत्यभूमीचा लांबचा प्रवास पहिले तीन महिने नको. पुढे गेलात तरी गाडीत दर तासाला उठा, घोटे हलवा, पाणी प्या.

डिस्चार्ज कार्ड आणि त्यावरचं कृत्रिम सांध्याचं स्टिकर जपून ठेवा. पुढे कधी दात काढायचा असेल, दुसरं ऑपरेशन असेल, तर डॉक्टरांना नवा गुडघा असल्याचं सांगा. पायाला जखम, गळू झालं तर वर्षांनंतरसुद्धा दुर्लक्ष करू नका.

आमच्या आईच्या ऑपरेशनला आता दोन वर्षं होतील. ती रोज सकाळी काठी घेऊन विहारापर्यंत चालत जाते आणि वाटेत भेटेल त्या बाईचे पाय पाहते. मागच्या महिन्यात तिने गल्लीतल्या एका काकूंच्या पोटरीकडे बघून आम्हाला फोन केला, "टेपनं मोजली. चार सेंटिमीटर भरली. गाडी बोलावलीय. आता तू 'असं होतंच' म्हणू नको."

आम्ही नाही म्हणालो. त्या काकू वेळेत पोहोचल्या.

जय भीम.